मटण खिम्याचा क्रीमी पास्ता, एकाच कढईत

आमच्यासारख्या मटण खाणाऱ्या घरात रात्रीचं मुख्य जेवण म्हणून पास्ता ठेवायचा असेल तर त्यात खिमा पाहिजेच, आणि तो खिमा वरून भुरभुरलेला नको, पास्ता त्या खिम्याच्याच रसात शिजलेला पाहिजे. माझं हे मत एकदम पक्कं आहे. पास्ता वेगळा उकडायचा, चाळणीत ओतायचा, सॉस दुसऱ्या पातेल्यात, मग सगळं एकत्र, एवढा खटाटोप करून शेवटी पास्त्याची चव वेगळी आणि सॉसची वेगळीच लागते. एका कढईत केला की तसं होत नाही. म्हणून आज सगळं नीट लिहिते, नुसती मापं नाही तर का ते पण, कारण एकदा का कारण कळलं की मापं वाईच इकडंतिकडं झाली तरी जेवण बिघडत नाही.

मूळ पदार्थ अमेरिकेतला. तिथं बीफचा खिमा घराघरात असतो, आणि कामावरून थकून आलेल्या माणसाला अर्ध्या तासात पोटभर गरम जेवण हवं असतं. 1971 च्या सुमारास जनरल मिल्स कंपनीनं हॅम्बर्गर हेल्पर नावाचं पाकीट तिथं सगळीकडं आणलं, त्यात कोरडा पास्ता आणि मसाल्याची पुडी, आपण फक्त एक पौंड म्हणजे साधारण 450 ग्रॅम खिमा आणायचा आणि एका पॅनमध्ये सगळं शिजवायचं. आता लोक पाकीट न आणता घरचंच टोमॅटो, क्रीम, चेडर चीज घालून करतात. आपल्याकडं 2015 पासून गाईच्या जोडीला बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आहे, आणि आमच्यात तसंही पहिल्यापासून मटणच, त्यामुळं मी बोकडाचा खिमा वापरते. पण बीफच्या जागी मटण लिहिलं आणि बाकीची कृती जशीच्या तशी ठेवली असं करू नका, दोन गोष्टी बदलाव्या लागतात.

एक म्हणजे चरबी. अमेरिकेतला नेहमीचा खिमा 80-20 चा असतो, म्हणजे शंभरात वीस भाग चरबी, ती परतताना एवढी सुटते की तिथल्या कृतीत जास्तीची चरबी काढून टाका असं लिहिलेलं असतं. बोकडाचा खिमा त्यामानानं कोरडा, त्यात काढून टाकण्यासारखं काय नसतं, उलट एक-दोन चमचे तेल जास्तच लागतं. म्हणून दुकानात गेलं की मी सांगते, मामा मांडीचा द्या, थोडी चरबी राहू द्या आणि मशीनमधनं एकदाच फिरवा. दोनदा फिरवलेला खिमा लगद्यासारखा होतो, कढईत त्याच्या गाठी बनतात आणि खाताना मटण लागतच नाही. सुऱ्यानं ठोकळ्यावर बारीक करून दिला तर त्याच्यासारखी चव नाही, पण रविवारी सकाळी रांग बाहेर रस्त्यापर्यंत गेलेली असते, त्या गर्दीत असलं काम मागणं बरोबर नाही. बुधवारी संध्याकाळी जा, निवांत करून देतात. सोबत दोन-चार हाडं पण मागून घ्या, का ते सांगते.

दुसरी गोष्ट वेळ. बीफचा खिमा सात-आठ मिनिटं परतला की ते लोक लगेच पास्ता आणि पाणी घालतात. बोकडाचा खिमा एवढ्यात मऊ होत नाही. पास्ता शिजायला दहा-बारा मिनिटं, तेवढ्यात खिमा पण शिजेल असा हिशोब केला तर पास्ता मऊ आणि खिमा चिवट राहतो. म्हणून पास्ता घालायच्या आधी खिमा झाकण ठेवून पंधरा-वीस मिनिटं शिजवून घ्यायचा. मूळच्या अर्ध्या तासाचे आपल्याकडं पाऊण तास होतात, त्याला इलाज नाही आणि ते करण्यासारखंच आहे.

आता हाडांचं. अमेरिकन कृतीत बीफ स्टॉक घाला म्हणतात, त्याचा डबा नाहीतर क्यूब मिळतो. कोल्हापुरात स्टॉक विकत आणायची काय गरज ओ, आपल्याकडं अळणी असतं. हाडं, हळद, मीठ, थोडं आलं-लसूण आणि एक कांदा, कुकरला चार-पाच शिट्ट्या, गाळून घेतलं की झालं. ज्याच्यात पांढरा रस्सा करतो तेच पाणी. मी तर रविवारचं मटण शिजवताना पाणी जरा जास्त ठेवते आणि दोन वाट्या अळणी बाजूला काढून फ्रीजमध्ये ठेवते, पोरांच्या भाताला पण होतं आणि बुधवारी पास्त्याला पण. अळण्यात मीठ असतं एवढं लक्षात ठेवायचं, बाकीचं मीठ अगदी शेवटी चव बघून.

आता क्रीमी होण्याची गोष्ट, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. बरेच जण क्रीमी म्हटलं की क्रीमचं अख्खं पाकीट ओततात, वर चीजचे पाच-सहा क्यूब किसतात, आणि मग ते इतकं जड होतं की चार घास खाल्ले की पुरे होतं. दाटपणा क्रीममधनं यायचाच नाही, तो पास्त्यातनं आला पाहिजे. पास्ता गव्हाच्या रव्याचा असतो, पाणी साधारण 60-70 डिग्रीच्या वर गेलं की त्यातला स्टार्च पाणी शोषून फुगतो आणि थोडा बाहेर पाण्यात उतरतो. भरपूर पाण्यात उकडून ते पाणी मोरीत ओतलं की हा सगळा स्टार्च गेला. मोजक्या पाण्यात, त्याच कढईत शिजवला की तो तिथंच राहतो, पाणी घट्ट होतं, आणि खिम्याची चरबी आणि तेल त्या घट्ट पाण्यात मिसळून राहतं, वर तवंग येत नाही. आपल्या पांढऱ्या रश्शाचं तरी वेगळं काय आहे, खसखस, काजू, तीळ यांच्या वाटणानं अळणी पाण्याला अंग येतं, नारळाचं दूध शेवटी. म्हणजे दाटपणाला एक वस्तू आणि स्निग्धपणाला दुसरी. पास्त्यातही तसंच, स्टार्चनं अंग द्यायचं आणि क्रीम शेवटी फक्त चवीला.

त्यासाठी पास्ता चांगला घ्या. पाकीट उलटं करून वाचा, ड्युरम गव्हाचा रवा लिहिलेलं असलं तर घ्या, मैद्याचा असला तर ठेवून द्या, तो एका कढईच्या प्रकारात हमखास गळतो. पेन्ने किंवा स्पायरल घ्या, खिमा त्याच्या खाचांत अडकतो. स्पॅगेटी नको, कढईत बसत पण नाही आणि पोरं खाताना निम्मा खिमा ताटात राहतो.

माप चार-पाच जणांचं सांगते. अर्धा किलो खिमा, 250 ग्रॅम पास्ता, दोन मोठे कांदे, तीन लालबुंद टोमॅटो, आठ-दहा लसूण पाकळ्या, आल्याचा तुकडा, अळणी आणि पाणी मिळून पाऊण लिटरच्या आसपास, फ्रेश क्रीम अर्धी वाटी, चीजचे दोन क्यूब. आणि आपली चटणी, म्हणजे घरची कांदा-लसूण चटणी, दीड चमचा. कढई रुंद आणि जाड बुडाची पाहिजे, झाकण बसणारी. बिडाची असेल तर हा पदार्थ तिच्यात नको, टोमॅटो एवढा वेळ शिजला की रंग काळपट होतो आणि लोखंडाची चव उतरते. स्टीलची जाड बुडाची सगळ्यात बरी.

तेल चांगलं तापलं की खिमा घाला, आधी खिमा, कांदा नंतर. पसरून ठेवा आणि दोन मिनिटं हात लावू नका. पहिल्यांदा खिमा पाणी सोडतो, राखाडी होतो, कढईत फदफद आवाज यायला लागतो, आणि नेमकं इथंच लोक घाई करून पुढचं सामान टाकतात. थांबायचं. गॅस मोठाच ठेवायचा. ते पाणी आटत जातं, बुडबुडे बारीक होतात, मग एका क्षणाला आवाज बदलतो, फदफद जाऊन चरचर सुरू होते, तेल बाजूला दिसायला लागतं आणि कडेचे दाणे तपकिरी होतात. वास पण बदलतो, उकडलेल्या मटणाचा जाऊन भाजलेल्या मटणाचा येतो. कढईच्या बुडाला जो तपकिरी थर धरतो तो जळलेला नाही, सगळी चव तिथं आहे, पुढं टोमॅटोच्या पाण्यानं तो सुटून येतो. ह्या कामाला दहा-बारा मिनिटं जातात आणि अख्ख्या पदार्थात ह्या मिनिटांइतकी मोलाची मिनिटं दुसरी नाहीत.

मग कांदा, जरा मऊ झाला की आलं-लसूण, मग गॅस बारीक करून चटणी. चटणी कोरड्या तापलेल्या कढईत टाकली तर लगेच करपते आणि घरभर खोकला, म्हणून सोबत दोन चमचे पाणी मारायचं. टोमॅटो किसून घाला, उलथन्यानं बूड खरवडा, तेल सुटेपर्यंत परता, मग अर्धी वाटी अळणी घालून झाकण, बारीक गॅसवर पंधरा-वीस मिनिटं. दाणा दाबून बघा, सहज दबला की पास्ता कच्चाच घाला आणि उरलेलं अळणी-पाणी कडकडीत गरम करून ओता. पास्ता जेमतेम बुडाला पाहिजे, पोहायला नको. एक उकळी आली की गॅस मध्यम, झाकण, आणि दर दोन-तीन मिनिटांनी खालपासून ढवळायचं, नाहीतर स्टार्च बुडाला धरतो. पाकिटावर लिहिलेल्या वेळेपेक्षा दोन-तीन मिनिटं जास्तच लागतात कारण पाणी कमी असतं. उलथनं कढईत मधनं ओढलं आणि मागं रस्ता पडून हळूहळू भरून आला की झालं, तेव्हाच थांबा, पूर्ण आटवू नका, ताटात पडेपर्यंत तो अजून ओढून घेतो.

क्रीम आता, आणि गॅस बंद करून. टोमॅटोचा आंबटपणा आणि उकळी दोन्ही एकत्र आले की दूध फुटतं, क्रीम तेवढं लवकर फुटत नाही कारण त्यात फॅट जास्त, पाकिटातल्या फ्रेश क्रीममध्ये साधारण 25 टक्के आणि फुल क्रीम दुधात 6. म्हणून नुसतं दूध घालू नका. मी मात्र पाकीट आणतच नाही, म्हशीच्या दुधाची दोन दिवसांची साय चांगली फेटून घेते, त्यात कढईतला दोन चमचे गरम रस मिसळते आणि मग ओतते. आपल्या भागात असलं दूध मिळतं, कोल्हापुरात गंगावेशीला लोक कट्ट्यावर उभं राहून धारोष्ण दूध पितात, त्या गावात पाकिटातलं क्रीम कशाला पाहिजे. सायीला जी गोडूस चव असते ती चटणीच्या तिखटाबरोबर इतकी जमते की काय सांगू. चीज पण गॅस बंद केल्यावरच, क्यूबवालं प्रोसेस्ड चीज गुळगुळीत विरघळतं, मोझरेला घातलं तर तारा सुटतात आणि सॉस वेगळा राहतो, ते पिझ्झाला ठीक आहे.

चटणीबद्दल एक. कोल्हापुरी म्हणून तिखटजाळ करायचा मोह होतो, करू नका. आपलं मटण पण नुसतं तिखट नसतं, त्याला सुक्या खोबऱ्याची, तिळाची, भाजलेल्या कांद्याची चव असते आणि ती सगळी चटणीत आलेली असते. दीड चमच्यात ती कळते, तीन चमचे घातले की नुसता जाळ लागतो आणि साय घालून काही उपयोग होत नाही. गरम मसाला, चाट मसाला, केचप काहीच घालू नका. पिझ्झाबरोबर आलेल्या ओरेगॅनोच्या पुड्या फ्रीजच्या दारात पडलेल्या असतील तर एक घाला, कोथिंबीर मात्र भरपूर.

आमच्या आत्या, म्हणजे सासूबाई, पास्त्याला हात लावत नसायच्या, पोरांचं खाणं म्हणायच्या. ह्यातला खिमा बघून त्यांनी पहिल्यांदा वाटीभर घेतला आणि चमचा बाजूला ठेवून ज्वारीच्या भाकरीबरोबर खाल्ला. आता खिमा आणला की विचारतात, "ते नळ्यांचं करणार हैस का गं आज?" मी त्यांच्यासाठी भाकरी टाकते, पोरांना पाव भाजून देते, सोबत कांदा-लिंबू.

उरला तर दुसऱ्या दिवशी तो घट्ट गोळा झालेला असतो, स्टार्च थंडीत आवळतो, बिघडला असं समजून टाकू नका. कढईत अर्धी वाटी अळणी किंवा पाणी आधी गरम करा, त्यात तो घाला, बारीक गॅसवर झाकण ठेवून मोकळा होईपर्यंत, मग चमचाभर साय. डब्याला द्यायचा असेल तर नेहमीपेक्षा पातळच ठेवा, दुपारपर्यंत बरोबर होतो.