दुसरा चॅप्टर काढून टाकला तर?

थिसिसमधलं फ्रेमवर्क, म्हणजे ज्या थिअरीच्या चौकटीतून आपला विषय बघायचा ती, हा शब्द मी सीरियसली घेतला तो गाईडकडून झापून घेतल्यावरच. त्याआधी आमची पद्धत सोपी होती, सीनियरचा थिसिस उघडायचा, दुसऱ्या चॅप्टरमध्ये जी थिअरी दिसेल ती उचलायची, चार चौकोन आणि बाण काढायचे, झालं. माझा विषय होता शिक्षक हजेरीचं अ‍ॅप का वापरतात किंवा का टाळतात, आणि सगळे घेतात म्हणून मीपण टॅम घेतलं, म्हणजे टेक्नॉलॉजी अ‍ॅक्सेप्टन्स मॉडेल, फ्रेड डेव्हिस यांचं, 1989 चं. त्यात मुख्य गोष्टी दोनच, हे माझ्या कामाचं आहे असं माणसाला वाटतं का आणि वापरायला सोपं वाटतं का.

मॅडमनी ड्राफ्ट वाचला आणि एवढंच विचारलं, "हा दुसरा चॅप्टर मी काढून टाकला तर पुढचं काय काय कोसळेल?"

मी पानं चाळत बसले. काहीच कोसळत नव्हतं! प्रश्नावली मनानेच बनवलेली, मुलाखतींचे कोड (उत्तरांना दिलेली विषयांची लेबलं) मनानेच पाडलेले, शेवटच्या चॅप्टरमध्ये टॅमचं नावसुद्धा नाही.

मग मुलाखती परत वाचल्या तर गंमत कळली. बरेच शिक्षक सांगत होते की वरून ऑर्डर आहे, वापरावंच लागतं, सोपं का अवघड हा प्रश्नच येत नाही. आणि मूळ टॅममध्ये दुसऱ्याच्या दबावाला जागाच नाहीये. ती उणीव 2000 मध्ये व्यंकटेश आणि डेव्हिस यांनी टॅम 2 मध्ये भरली, आजूबाजूचे लोक काय अपेक्षा करतात आणि वापर मर्जीचा आहे की सक्तीचा हे त्यांनी आत घेतलं. पुढे 2003 मध्ये आठ मॉडेल एकत्र करून यूटॉट आलं (UTAUT, म्हणजे युनिफाइड थिअरी ऑफ अ‍ॅक्सेप्टन्स अँड यूज ऑफ टेक्नॉलॉजी), त्यात सोयीसुविधांचा पण भाग आहे, म्हणजे फोन, नेटवर्क, अडलं तर मदत. मी यूटॉटवर गेले आणि माझे प्रश्नच बदलले, "अ‍ॅप आवडतं का" च्या जागी "फोन कोणाचा, डेटा कोण भरतं, अडकलं तर कोणाला विचारता".

इथे मला पहिल्यांदा पटलं की फ्रेमवर्क उत्तरं देत नाही, कुठे बघायचं ते ठरवतं, आणि कुठे बघायचं नाही तेपण (हे कोणी सांगतच नाही). हाच डेटा एव्हरेट रॉजर्स यांच्या 1962 च्या डिफ्यूजनच्या थिअरीने (नवी गोष्ट लोकांत कशी पसरते ती) वाचला तर पहिले कोण वळले, शेवटपर्यंत कोण थांबले आणि एकाचं बघून दुसरा कसा शिकला हे दिसेल. अमर्त्य सेन यांच्या केपेबिलिटीच्या नजरेने (माणसाला खरंच काय करता येतं, काय निवडता येतं हे बघणारी) वाचला तर प्रश्नच वेगळा, अ‍ॅप वापरलं का हे सोडा, शिक्षकांना ते न वापरण्याची खरी मोकळीक होती का?

थिअरेटिकल आणि कन्सेप्च्युअल फ्रेमवर्कचा गोंधळ फार होतो म्हणून पटकन सांगते: पहिलं म्हणजे आधीच कोणीतरी मांडलेली थिअरी, दुसरं म्हणजे त्यातून आणि बाकीच्या वाचनातून तुम्ही स्वतःच्या अभ्यासापुरता काढलेला नकाशा. नकाशातला प्रत्येक बाण म्हणजे एक दावा असतो, डायग्राम भरलेला दिसावा म्हणून बाण काढू नका, व्हायवात (थिसिसच्या तोंडी परीक्षेत) नेमका तोच धरतात.

आणि सगळं काही चौकटीत बसत नाही. एक शिक्षिका अ‍ॅपवर पण हजेरी घ्यायच्या आणि वहीत पण लिहायच्या, अ‍ॅपवर भरवसा नाही म्हणून. आता याला "वापरतात" म्हणायचं का "वापरत नाहीत"? मी त्यांना ओढूनताणून सोयीसुविधांच्या कोडमध्ये कोंबत होते, मॅडम म्हणाल्या कोंबू नकोस, वेगळं लिही. तीन पानं झाली, आणि व्हायवात अर्धा वेळ त्या तीन पानांवरच गेला.