केनिलवर्थचा किल्ला पाहायचाय? आधी वॉरिक गाठा

लंडनच्या मॅरिलबोन स्टेशनवरून वॉरिकला थेट गाड्या आहेत. तिथल्या सेंट मेरी चर्चमधलं बीचम चॅपल आधी पाहा, म्हणजे केनिलवर्थच्या मालकाचा खरा वारस कोण, हा जुना वाद आपोआप उलगडतो. पहिल्या एलिझाबेथ राणीचा लाडका सरदार, लेस्टरचा अर्ल रॉबर्ट डडली, इथे पत्नी लेटिसशेजारी विसावलाय. जवळच त्यांच्या मुलाचं चिमुकलं थडगं, त्यावर पायघोळ झग्यातली मूर्ती. हा एकुलता एक औरस वारस 1584 मध्ये तीन वर्षांचा असताना गेला. पोटात कालवतं.

उरला तो डग्लस शेफील्ड या दुसऱ्या बाईपासून झालेला मुलगा. जन्म 1574, नाव बापाचंच: रॉबर्ट डडली. आमची वारी खरं तर याच्यासाठी होती. बापाने मृत्युपत्रात केनिलवर्थ दिलं, पण अनौरस म्हणूनच. म्हणजे किल्ला मिळाला, किताब नाही.

वॉरिकहून लेमिंग्टन स्पाला गाडी बदलून केनिलवर्थला उतरलो. स्टेशनपासून किल्ला रमतगमत वीस-पंचवीस मिनिटं. तिकीट ऑनलाइन काढा, स्वस्त पडतं. हिवाळ्यात जाणार असाल तर वेळा आधी बघून घ्या. वेळ कमी असेल तर बाग धावती पाहा, पण 'लेस्टर्स बिल्डिंग' चुकवू नका. राणीसाठी बांधलेली ही तांबड्या वालुकाश्माची इमारत आता बिनछपराची आहे. आत नवे जिने केलेत, थेट तिच्या दालनाच्या उंचीपर्यंत नेणारे. वर वारा झोंबतो, जाकीट हवंच. 1575 मध्ये राणी इथे 19 दिवस राहिली होती.

आईबापाचं गुपचूप लग्न झालं होतं, असं धाकट्या डडलीचं म्हणणं. सिद्ध झालं असतं तर लेस्टर आणि वॉरिक, दोन्ही किताबांवर त्याचा हक्क आला असता. लेटिसने स्टार चेंबर या राजाच्या खास न्यायालयात दावा लावला. 1605 मध्ये डडलीच्या बाजूचे कागद जप्त झाले आणि लग्नाचा खरा प्रश्न निकालाविनाच राहिला. मला हा सरळ अन्याय वाटतो. त्याच वर्षी तो देश सोडून गेला, पुढे फ्लॉरेन्सला मेडिची या तिथल्या राजघराण्याच्या चाकरीत जहाजं बांधली, 'देल आर्कानो देल मारे' हा थोर सागरी नकाशासंग्रह रचला. इकडे युवराज हेन्रीने केनिलवर्थ 14,500 पौंडांना घ्यायचं ठरवलं, पैकी हाती पडले जेमतेम 3,000. 1618 मध्ये दोन्ही किताब दुसऱ्यांना दिले गेले. 1620 मध्ये पवित्र रोमन सम्राट दुसऱ्या फर्डिनांडने मात्र त्याला आजोबांप्रमाणे नॉर्थम्बरलंडचा ड्यूक मानलं.

तरी माझी सहानुभूती त्याच्यापाशी थांबत नाही. आईच्या लग्नासाठी भांडणाऱ्या या माणसाने स्वतःची बायको ॲलिस आणि मुली मागे टाकल्या, प्रेयसी एलिझाबेथ साउथवेलला घेऊन गेला, आणि ॲलिसशी झालेलं लग्नच खरं नव्हतं म्हणाला. ॲलिस नेटाने राहिली. 1644 मध्ये राजा पहिल्या चार्ल्सने तिला स्वतःच्या हक्काने डचेस केलं, आणि त्या सनदेत तिच्या नवऱ्याचा जन्म औरस असल्याचंही मान्य केलं!

तिचं काळ्या-पांढऱ्या संगमरवरातलं थडगं स्टोनली गावच्या चर्चमध्ये आहे, सोबत लेक ॲलिशियाचंही. केनिलवर्थहून गाव जवळ आहे. टॅक्सी करा आणि परतीचीही तेव्हाच ठरवा. चर्च कधी उघडं असतं ते मात्र निघण्याआधी विचारून घ्या.