समांतर आणि लंब रेषांचे चढ

महोत्सवी स्मरणिकेत माजी विद्यार्थ्याने आठवणी लिहाव्यात, अशी अपेक्षा असते. मला मात्र बीजगणिताच्या तासाला फळ्यावर असायच्या त्या दोन रेषांबद्दलच लिहायचं आहे. आज त्या बाकांवर बसणाऱ्या मुलांना त्याचा जास्त उपयोग होईल.

चढ म्हणजे उजवीकडे १ गेलं की रेषा किती वर जाते ते; खाली जात असेल तर तो ऋण. ३क्ष + ४य = १२ या रेषेचा चढ ३ नाही. आधी य एकटा करायचा: ४य = −३क्ष + १२. मग प्रत्येक पदाला ४ ने भागायचं: य = −(३/४)क्ष + ३. आता क्षचा सहगुणक, म्हणजे −३/४, हा चढ. बहुतेक उत्तरं इथेच चुकतात: ३क्ष पलीकडे नेताना चिन्ह बदलायचं राहतं, नाहीतर १२ ला भागायचं राहतं.

समांतर रेषेचा चढही −३/४. मात्र ६क्ष + ८य = २४ दिसली तर थांबा; २ ने भागल्यावर कळतं की ती पहिलीच रेषा आहे.

लंब रेषेचा नियम पाठ असतो, पण अर्धाच वापरला जातो. कोणी अपूर्णांक उलटवतं, कोणी नुसतं चिन्ह बदलतं. दोन्ही का लागतं? −३/४ म्हणजे उजवीकडे ४ गेलं की खाली ३. ही चाल घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने ९० अंशांत फिरवा. उजवीकडचे ४ आता वर जातात आणि खालचे ३ उजवीकडे येतात. चढ झाला ४/३. अपूर्णांक उलटला आणि उतरणीची चढण झाली. पडताळा सोपा आहे: दोन्ही चढांचा गुणाकार −१.

रेषा (२, ५) मधून जायची असेल तर चढ न काढताही समीकरण मिळतं, आणि ही रीत मला फार आवडते. समांतर रेषेसाठी डावी बाजू तशीच ठेवून बिंदू घालायचा: ६ + २० = २६, म्हणून ३क्ष + ४य = २६. लंब रेषेसाठी सहगुणकांची अदलाबदल करून एकाचं चिन्ह बदलायचं: ४क्ष − ३य = ८ − १५ = −७.

क्ष = ५ आणि य = २ या रेषा परस्परांना लंब आहेत, पण तिथे −१ चा पडताळा चालत नाही. आडव्या रेषेचा चढ ० असतो. उभ्या रेषेचा ठरवताच येत नाही, कारण छेदात ० येतो.

आलेख काढताना दोन्ही अक्षांवर एकच प्रमाण घ्या. नाहीतर गणित बरोबर असूनही कागदावर काटकोन दिसणार नाही.