मॉय नदीवर गांडुळाने सॅल्मन: जाणाऱ्यांसाठी काही सांगावंसं वाटतं

आयर्लंडच्या पश्चिमेला, मेयो परगण्यात मॉय नदी वाहते. ऑक्स डोंगरात तिचा उगम, मग फॉक्सफर्ड, बॅलिना आणि पुढे किलालाच्या उपसागरात समुद्र. सॅल्मनसाठी देशात हिच्याइतकं नाव फार थोड्या नद्यांना आहे. बहुतेक परदेशी पाहुणे इथे फ्लाय, म्हणजे पिसं-दोऱ्यांचा नकली किडा, घेऊन येतात. मी जूनअखेरीस गेलो ते गांडुळावर मासे धरायला. हे दिवस ग्रिल्स चढण्याचे. ग्रिल्स म्हणजे समुद्रात एकच हिवाळा काढून नदीत परतलेला सॅल्मन.

जाणं सोपं आहे. डब्लिनहून वेस्टपोर्टची रेल्वे धरायची, मॅनुला जंक्शनला उतरून बॅलिनाची गाडी घ्यायची. फॉक्सफर्ड स्टेशन त्याच फाट्यावर आहे. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो, त्यामुळे दुपारी पोहोचलात तरी संध्याकाळ हातात राहते.

मुक्कामाच्या सुरुवातीलाच पाऊस झाला आणि नदी चहाच्या रंगाची होऊन फुगली. माझ्या मते गांडुळासाठी याहून चांगली वेळ नाही, पण पाणी चढत असताना नव्हे. पूर वर येतो तेव्हा पानं, गवत, काड्या वाहून येतात, गळ सारखा त्यांतच अडकतो आणि मासाही चालता असतो. पाणी उतरायला लागलं, काठावर ओल्या मातीची रेघ उघडी पडली आणि गुडघाभर पाण्यात बुटाचं टोक अंधुक दिसू लागलं, की बसायचं. पाणी पूर्ण निवळलं की गांडुळाची धार कमी होते, तेव्हा फ्लायवाल्यांना जागा द्यावी.

गांडुळं रात्रीच गोळा करायची. पावसानंतर हिरवळीवर मोठी गांडुळं अर्धी बिळाबाहेर येऊन पडलेली असतात. विजेरीला लाल कागद लावा आणि पाय हलके टाका, कारण जमिनीचा हादरा त्यांना लगेच कळतो. बिळाच्या तोंडाशी चिमटीत धरायचं आणि ओढायचं नाही. अंगावरच्या बारीक राठ केसांनी ते बिळाला घट्ट धरून असतं, ओढलं तर तुटतं. नुसतं धरून थांबलात की काही क्षणांत पकड ढिली पडते आणि अख्खं गांडूळ हातात येतं. मग ओलसर शेवाळात, थंड जागी दोन-तीन दिवस ठेवा. पोटातली माती निघून जाते, कातडी चिवट होते, आणि गळावरून सहज निसटत नाही. मेलेली रोज काढून टाका, नाहीतर सगळा डबा नासतो.

मांडणी साधी असते. पंधरा पौंडांची लाईन, तिच्या टोकाला स्विव्हल, म्हणजे धाग्याला पीळ बसू न देणारी फिरती कडी, पुढे हातभर धागा आणि गळ. शिसं त्याच स्विव्हलवरून वेगळ्या, आखूड आणि कमजोर धाग्याला बांधायचं. दगडात शिसं अडकलं तर तेवढंच तुटतं, गळ आणि मासा वाचतो. गढूळ पाण्यात दोन-तीन गांडुळं एकत्र ओवावीत, टोकं मोकळी वळवळू द्यावीत. शिसं इतकंच हवं की ते तळाला टेकत टेकत पुढे सरकेल. जड झालं तर एका जागी रुतून बसतं, हलकं झालं तर आमिष माशाच्या डोक्यावरून निघून जातं. धार बदलली की शिसं बदला, आळस करू नका.

या मासेमारीला आळशी माणसाचा धंदा म्हणतात, ते मला मुळीच पटत नाही. गळ आडवा टाकायचा, रॉडचं टोक वर ठेवायचं आणि लाईन तर्जनीवर घ्यायची. खडी, वाळू, शेवाळलेला मोठा दगड, सगळं बोटाला कळतं. मग मध्येच टकटक होते. ती सॅल्मनच्याच कुळातल्या ट्राउटची असू शकते, सापासारख्या लांबट ईल माशाची असू शकते, किंवा सॅल्मनची. ट्राउट भराभर टोचतो. सॅल्मन गांडूळ तोंडात घेऊन सावकाश चघळतो, कधी बराच वेळ. पहिल्या टकटकीला झटका दिलात तर हाती काही लागत नाही. थोडी लाईन सोडायची, आणि लाईन ठामपणे सरकू लागली की रॉड उचलायचा. मला मिळालेला ग्रिल्स असाच आला. डोहाच्या शेपटाशी, पाणी उथळ होतं तिथे. अंग चांदीसारखं, आणि शेपटीजवळ अजून समुद्री उवा चिकटलेल्या, म्हणजे नुकताच समुद्रातून आलेला.

नदीत शिरल्यावर प्रौढ सॅल्मन खाणं बंद करतो, त्याचं आतडं आक्रसत जातं. तरी तो गांडूळ का घेतो यावर काठावर तासन् तास वाद चालतात. माझ्यासाठी महत्त्वाची गोष्ट अशी, की घेतो तेव्हा खोल घेतो. गळ घशात किंवा कल्ल्यापाशी रुतलेला मासा सोडून दिला तरी जगेल याचा भरवसा नाही. म्हणून गांडूळ लावतानाच ठरवा की येणारा मासा ठेवायचा आहे. हवा तेवढा मिळाला की गांडुळांचा डबा बंद करा. लालसर पडलेला, अंडी घालायला तयार झालेला मासा डोहात दिसत असेल, तर तिथे गांडूळ टाकूच नका. सप्टेंबरात तर मी गांडूळ नेणारच नाही.

कायदाही याच बाजूने आहे. आयर्लंडमध्ये प्रत्येक नदी दरवर्षी खुली, फक्त पकडून सोडण्यासाठी, किंवा बंद अशी जाहीर होते. पकडून सोडण्याच्या नद्यांवर गांडुळाला बंदी आहे आणि गळ एकेरी, उलट्या काट्याशिवायचा लागतो. मॉयचा हंगाम १ फेब्रुवारी ते ३० सप्टेंबर. सरकारी परवाना वेगळा आणि नदीच्या ज्या पट्ट्यावर बसणार त्याची परवानगी वेगळी, दोन्ही हवीत. काही पट्टे फक्त फ्लायचे असतात, त्यामुळे परवानगी घेतानाच गांडुळाचं स्पष्ट विचारा. परवान्याबरोबर टॅग आणि नोंदवही मिळते. मासा ठेवला की लगेच कल्ल्यातून टॅग लावायचा आणि तिथल्या तिथे पेनने नोंद करायची. पेन पावसात चालणारं न्या. रोजची आणि हंगामाची मर्यादा त्या वर्षीच्या नियमांत पाहा. गळाने धरलेला सॅल्मन विकणं तिथे गुन्हा आहे.

ईल लागला तर धागा गळाजवळ कापून त्याला पाण्यातच सोडा. २००९पासून तिथे ईलची मासेमारी बंद आहे, आणि ही जात खरोखर संकटात आहे.

आणखी एक. दुसऱ्या देशातल्या नदीत वापरलेले वेडर (पाण्यात उतरायचे जलरोधक कपडे), जाळी, बूट तसेच घेऊन जाऊ नका. जायरोडॅक्टायलस नावाच्या सूक्ष्म परजीवीने नॉर्वेतल्या कित्येक नद्यांचे सॅल्मन संपवले, आयर्लंडमध्ये तो अजून नाही. सगळं सामान धुवा, निर्जंतुक करा आणि पूर्ण कोरडं होईपर्यंत वाळवा. बुटांचे फेल्टचे, म्हणजे नमद्याचे, तळवे वाळायला सगळ्यात जास्त वेळ घेतात, तेव्हा निघायच्या आठवडाभर आधीच ते काम उरका, किंवा रबरी तळव्यांचे बूट न्या.