पेनीला भादरलं त्या दिवसाचं बिल

फोन करणारा आधी उंची सांगतो. "घोडी जेमतेम ३० इंचांची आहे," आणि मग जरा लाडात येऊन, "म्हणजे पैसे निम्मेच ना?"

अमेरिकेत, टेक्सासमधल्या डॅलसच्या उत्तरेला ऑब्री, पायलट पॉइंट हा सगळा पट्टा घोड्यांचा. तिथे मी घोडे भादरते. जवळच्याच फ्रिस्को शहरातल्या गणेशोत्सवात कोणी कामाचं विचारलं आणि मी हे सांगितलं की समोरचा आधी हसतो, मग मी चेष्टा करत नाहीये हे कळल्यावर विषय बदलतो. शिक्षण पशुवैद्यकीचं, शिरवळच्या कॉलेजात झालं. पण इथे परीक्षांची लांबलचक माळ ओलांडल्याशिवाय जनावराला सुई टोचायची परवानगी नाही, आणि माझी माळ अजून अर्धीच झाली आहे. नवऱ्याच्या व्हिसावर वर्क परमिट मिळालं तेव्हा एका तबेल्यात शेण काढण्यापासून सुरुवात केली आणि हळूहळू हातात मशीन आलं.

फोनवरची ती घोडी मिनिएचर. मिनिएचर म्हणजे आयाळीचा शेवटचा केस जिथे संपतो तिथे मोजून जास्तीत जास्त ३४ इंचांचा घोडा. अमेरिकन मिनिएचर हॉर्स असोसिएशनचा तसा नियम आहे. वजन साधारण ऐंशी-शंभर किलो. मोठ्या घोड्यापुढे हे काहीच नाही, त्यामुळे काम पटकन उरकत असेल असं लोकांना वाटतं. ते तसं नाही. थंडीतले त्यांचे केस मोठ्या घोड्यापेक्षा दाट. मोठ्या घोड्याची सपाट पाठ-कूस मी उभ्यानं सरसर उतरवते. इथे बादली उपडी घालून तिच्यावर बसायचं, पोटाखाली मान घालायची. कान, जबडा, कोपर, जांघ, गुडघ्यामागची खाच, जिथे वेळ जातो ती सगळी ठिकाणं याही घोड्याला तेवढीच असतात, फक्त जवळजवळ. आणि कातडी ताणून धरायला जागा कमी.

एप्रिलच्या शेवटी ऑब्रीजवळच्या एका बाईंचा फोन आला. सत्तरीच्या असाव्यात. दोन घोड्या. एक वर्षाची लाल शिंगी, मे महिन्यात तिला प्रदर्शनात उतरवायची. दुसरी पेनी, सव्वीस वर्षांची. "लहानीचं काम नीट कर, तिचे हवे तेवढे घे. म्हातारीचं काय, नुसते केस उतरव. तिला कुठे मिरवायचंय? साठ डॉलर पुरेत." त्यांच्या ओळखीतला एक मुलगा साठात करत होता म्हणे. करतही असेल. पण असे साठवाले एकाच बोथट पात्यावर पाच घोडे काढतात आणि नंतर अंगावर पट्टे दिसतात ते मला निस्तरावे लागतात.

गावाकडे बैलांना पत्र्या मारणारा जोडीचा भाव सांगायचा, बैल खिलार असो की किरकोळ. तिथे ते जमतं, कारण एका बैलाचे खूर चार आणि पत्र्या आठ, हे आधीच ठरलेलं. केसांचं तसं नसतं. म्हणून मी नगावर घेत नाही. तासाला ४० डॉलर, पात्याच्या जोडीला धार लावायचे १०, आणि गाडीचा खर्च सरकारी दरानं, २०२५ साली मैलाला ७० सेंट. पण नुसता ताशी दर सांगितला तर गिऱ्हाईक धास्तावतं, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. माझा हात मुद्दाम संथ चालला तर त्याला कसं कळणार? म्हणून जनावर बघितल्यावर, मशीन चालू करण्याआधी, कमाल रक्कम सांगते. त्यावर एक डॉलर घेत नाही.

तबेल्यात गेले. शिंगी धुऊन, वाळवून तयार होती. हे मी फोनवर बजावलंच होतं, कारण केसांतली माती पात्याची धार खाते. पेनी मात्र कोपऱ्यात उभी. चार बोटं लांब, कुरळे, कळकट केस. बाहेर तीसच्या वर तापमान आणि हिच्या अंगावर जानेवारी. पाणी पिऊन बादली रिकामी केलेली, मानेखाली घाम. शिंगीसाठी कमाल १२० सांगितले, पेनीसाठी १५०.

बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. "उलटं बोललीस का?"

"नाही. हात घालून बघा."

प्रदर्शनाच्या कामाला नजर लागते हे खरं. दहा नंबरच्या पात्यानं सगळं अंग दीड मिलिमीटरवर आणायचं, रेघ दिसता कामा नये, तोंडाला आणखी बारीक पातं. पण शिंगीचे केस बरेचसे गळून गेले होते आणि अंग स्वच्छ होतं. पेनीचे केस म्हणजे गोधडी. शिवाय म्हातारीचे सांधे धरलेले, पाय उचलून धरता येणार नाही, मध्येमध्ये विसावा द्यावा लागणार. मी म्हटलं, विसाव्याच्या वेळात शिंगीचं करीन, त्या वेळेचे तुमच्याकडून दोनदा घेणार नाही. हे त्यांना पटलं असावं. खुर्ची ओढून बसल्या.

पेनीला प्रदर्शनासारखं गुळगुळीत करायचं नव्हतंच. थोडे केस ठेवणारं जाड पातं लावलं आणि खांद्यापासून केसांच्या उलट्या दिशेनं पहिला पट्टा काढला. दुसरा, तिसरा. केसांच्या लाद्या खाली पडत होत्या. बरगड्यांपाशी आले आणि मशीन बंद केलं.

बरगड्या मोजता येत होत्या. पाठीचा कणा वर आलेला, पुठ्ठ्याचं मांस उतरलेलं, खाली पोट मात्र गरगरीत. बाहेरून बघणाऱ्याला गुबगुबीत वाटावी अशी घोडी आत हाडांचा सापळा. पाठीवर जागोजाग खपल्या, ओढल्या की केसांच्या झुबक्यासकट निघणाऱ्या. पावसाळ्यात आपल्याकडेही जनावरांना असलं काही होतं.

बाई उठल्या, जवळ आल्या, आणि हात बरगड्यांवर ठेवून तशाच उभ्या राहिल्या. "रोज खायला घालते गं मी तिला. रोज."

ते मला दिसत होतं. तबेला स्वच्छ, गवत चांगलं, खूर वेळेवर कापलेले. केसांनी फसवलं होतं. घोड्याची तब्येत जोखायची एक ते नऊ गुणांची पद्धत याच टेक्सासमध्ये, ए अँड एम विद्यापीठातल्या हेनेकी यांनी १९८३ साली मांडली. तिच्यात नजरेइतकाच हातही वापरतात, केसांत बोटं घालून बरगडी आणि कणा चाचपायचा. पेनीला मी तीनच्या वर गुण दिले नसते.

काय झालंय याचा अंदाज मला फोनवरच आला होता. म्हातारपणी मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी बिघडते, केस गळत नाहीत, घाम-तहान वाढते, मांस झडतं. रक्ताच्या तपासणीत कळतं, रोजच्या गोळीनं पुष्कळ आटोक्यात राहतं. पण निदान सांगायचा परवाना माझ्याकडे नाही. "तुमच्या डॉक्टरांना आजच बोलवा, आणि खुरांचंही बघायला सांगा," एवढंच म्हटलं. या आजारात खूर आतून सुजून घोडा लंगडा होतो, ती भीती मला जास्त होती.

खपल्यांचा रोग पात्यावरून दुसऱ्या जनावराला जातो. पेनीला लावलेलं सगळं वेगळ्या डब्यात टाकलं, हात धुतले, वरचा कोट बदलला, मग शिंगीकडे गेले. ती मशीनच्या आवाजानं दोन पायांवर उभी. बाई म्हणाल्या, "तू डॉक्टरच आहेस ना? दे एखादं झोपेचं." नाही म्हटलं. परवान्याचा प्रश्न आहेच, शिवाय प्रदर्शनात औषधांचे नियम कडक असतात. मशीन नुसतं चालू ठेवून तिच्या शेजारी बसले, गाजराचे तुकडे दिले, बंद मशीन अंगावरून फिरवलं. यात गेलेली वेळ मी बिलात धरते, आणि तसं आधी सांगते. घोडीला आवाजाची सवय लावणं मालकाचं काम. रोज दाण्याच्या वेळी कुंपणावर मशीन चालू करून टांगलं तरी आठवड्याभरात फरक पडतो. फुकटचा हा सल्ला कोणी मनावर घेत नाही.

पेनीकडे परत गेले, मान, कुशी, पोट उरकलं. मग तिचे मागचे पाय थरथरायला लागले. पाय आणि तोंड तसंच सोडलं. दिसायला विचित्र, जाड पायजमा घातल्यासारखी. पण उकाड्याचं ओझं अंगावरून उतरलं होतं, लगेच गवताला लागली.

बिल केलं. पेनीचे अडीच तास आणि पात्यांच्या दोन जोड्या, १२०. शिंगीचे अडीच तास आणि एक जोडी, ११०. जाऊन-येऊन ४० मैलांचे २८. एकूण २५८.

बाईंनी १५० अधिक १२० आणि वर गाडीचे, असे मोजून ठेवले होते. मी जास्तीचे परत केले. "पण घोडी तर अर्धीच राहिली," त्या म्हणाल्या, "मग अर्धे का नाही?" त्यांचा सूर घासाघिशीचा नव्हता, त्यांना खरंच समजून घ्यायचं होतं. मी म्हटलं, दिसायला अर्धी, कामाच्या हिशोबानं बराच भाग झालाय, पण पायांना लागणारी वेळ मी लावलेलीच नाही. नगावर ठरवलं असतं तर आता आपण भांडत बसलो असतो, किंवा पूर्ण पैशांसाठी मी तिला थरथरत उभी ठेवली असती.

त्यांनी वर वीस डॉलर टिप दिली. ती घेतली. आपल्याकडची काही मंडळी इथे नको-नको करतात, मी करत नाही.

डॉक्टर संध्याकाळी येऊन रक्त घेऊन गेले. अंदाज खरा निघाला, गोळी सुरू झाली. शिंगीला प्रदर्शनाआधी दोन दिवस पुन्हा एक हात मारायला गेले, त्याचे ३५ वेगळे. तेव्हाच पेनीचे पायही केले, पुढचे आणि मागचे मिळून पाऊण तास. या वेळी बाईंनी भाव विचारला नाही, घड्याळ बघून स्वतःच वहीत लिहिलं, आणि सप्टेंबरची तारीख मागितली.