आमची वाटचाल : तिथी बघून सुटणारी बोट

चिपळूणजवळच्या गोवळकोटहून आम्ही वाशिष्ठीच्या खाडीत पाहुण्यांना बोटीने फिरवतो. बुकिंगसाठी फोन आला की मी आधी तारीख विचारतो आणि भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी बघतो. "बोट किती वाजता सुटते?" याचं उत्तर त्यानंतरच देता येतं. तिथीची पाऊणपट करायची, तेवढे वाजण्याच्या सुमारास खाडी समुद्राला मिळते तिथे, दाभोळच्या तोंडाशी, भरती पुरी होते. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. पाणी आत चढून गोवळकोटच्या धक्क्याला यायला त्यानंतर आणखी वेळ लागतो, आणि रोज सगळं पाऊण तासाने पुढे सरकतं. पाहुण्यांना पहिल्यांदा हे विचित्र वाटतं. दुसऱ्या दिवशी तेच आम्हाला विचारायला लागतात, "पाणी फिरलं का?"

हा हिशेब वडिलांचा. ते वाशिष्ठीच्या खाडीत हातपाटीने रेती काढायचे. ओहोटीला बुडी मारून होडी भरायची, भरतीच्या पाण्यावर ती धक्क्याला आणायची. मला पाण्यात उतरू द्यायचं नाही, असं आईने ठरवलं होतं. म्हणून मी लोट्याला एका कारखान्यात आठ वर्षं नोकरी केली. २०१२ मध्ये ती सोडली, माझी आणि धाकट्या भावाची शिल्लक एकत्र केली आणि सोळा माणसांची एक जुनी फायबरची बोट घेतली. आई दोन दिवस बोलली नाही.

सुरुवातीला आम्ही तासाभराची फेरी काढायचो. मगरी दाखवायच्या, फोटो काढू द्यायचे, परत यायचं. दिवसाला सहा फेऱ्या झाल्या की आम्ही खूश. पण इंजिनाचा आवाज आला की चिखलावर ऊन खात पडलेली मगर सरकन पाण्यात जाते. दिसायची ती फक्त शेपटी. लोक नाराज होऊन उतरायचे आणि मला त्यांच्याकडून पैसे घेताना संकोच वाटायचा.

२०१३ च्या डिसेंबरात पुण्याचं एक कुटुंब आलं. त्यांना अकरालाच निघायचं होतं. वडील धक्क्यावर बसले होते, म्हणाले, "अरे, पाणी उतरायला लागलंय, आता नको जाऊस." मी गेलो. तासाभरात बोट गाळावर बसली. साडेचार तास आम्ही तिथेच होतो. समोरच्या वाडीतल्या एका काकूंनी लांबून बघितलं आणि मुलाला छोट्या होडीतून पाठवलं. त्याने तांदळाच्या भाकऱ्या आणि कुळथाचं पिठलं आणलं. मी त्या कुटुंबाचे सगळे पैसे परत केले, ते बरोबरच होतं. पण इंजिन बंद होऊन अर्धा तास झाल्यावर समोरच्या चिखलावर एकेक मगर आपणहून वर यायला लागली. मुलांनी अकरा मोजल्या. एवढ्या मगरी इतक्या जवळून मीसुद्धा तोवर पाहिल्या नव्हत्या.

त्या रात्री वडिलांपाशी बसून मी पहिल्यांदा नीट विचारलं, खाडी कशी चालते ते.

गोवळकोट ते दाभोळ हा पाण्याचा रस्ता सुमारे ४० किलोमीटरचा. एकेकाळी मुंबईची आगबोट दाभोळला लागायची आणि चिपळूणची माणसं तिथून लहान लाँचने आत यायची. रस्ते झाले, तो प्रवास संपला. आम्ही तोच रस्ता दोन दिवसांत, ओहोटीबरोबर उतरायचा ठरवला. वरचा उथळ भाग भरलेल्या पाण्यावर ओलांडायचा. पाणी पुरतं उतरलं की इंजिन बंद करून नांगर टाकायचा आणि गप्प बसायचं. दोन्ही काठांना तिवर, कांदळ आणि चिपी या खारफुटीची झाडी आहे. चिखलात खेकड्यांची बिळं, वर ब्राह्मणी घारी, पाण्यावर खंड्या. थंडीत सकाळचं ऊन आणि ओहोटी एकाच वेळी आली तर तो आमचा सगळ्यात चांगला दिवस.

बोटीवर आम्ही कोणाला झोपवत नाही. केरळसारखी एसी हाऊसबोट करा, असं खूपजण सांगतात. रात्रभर जनरेटर लावून मगरी आणि पक्षी असलेल्या खाडीत राहणं मला पटत नाही. मुक्काम काठावरच्या वाडीत, घरात. जेवण त्या घरचं, त्या दिवशी खाडीने दिलं ते: बोय, कोलंबी, कधी चिंबोऱ्या, शाकाहारी पाहुण्यांना पिठलं, फणसाची भाजी, सोलकढी. जेवणाचे आणि मुक्कामाचे पैसे घरमालकिणीच्या हातात जातात, त्यात आम्ही कमिशन घेत नाही. पिठलं पाठवणाऱ्या काकूंकडेच आमचा पहिला मुक्काम सुरू झाला आणि आज तीन वाड्यांत सात घरं आहेत.

दुसऱ्या दिवशी दाभोळ. मी स्वतः बोटीवर असलो तर इथे घाई करू देत नाही. बहमनी काळात हे मोठं बंदर होतं. घाटावरचा माल इथे उतरायचा आणि अरबस्तानातून घोडे यायचे. अफनासी निकितिन हा रशियन प्रवासी पंधराव्या शतकात इथूनच होर्मुझकडे निघाला. १५०८ च्या अखेरीस पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेदाने हे शहर जाळलं, १६६० मध्ये शिवाजी महाराजांनी ते घेतलं. आज धक्क्याजवळ आदिलशाही काळातली मोठी दगडी मशीद उभी आहे, तिला इथे अंडा मशीद म्हणतात. वर चंडिकादेवीचं गुहेतलं मंदिर. आत विजेचा दिवा नाही. समईच्या उजेडात वाकून जायचं आणि डोळे सरावेपर्यंत थांबायचं. मग पलीकडे अंजनवेलला गोपाळगड. तुळाजी आंग्र्यांनी १७४५ मध्ये तो सिद्दीकडून घेतला. त्याच्या तटावरून खाडी समुद्राला कुठे मिळते ते दिसतं. परतीला भरती आम्हाला आत ढकलते, डिझेल कमी लागतं.

२०१७ मध्ये कर्ज काढून दुसरी बोट बांधून घेतली. सपाट बुडाची, छपराची, बाराच माणसांची. २६ मे ते ३१ ऑगस्ट वाहतूक बंद, तेव्हा दुरुस्ती आणि मेरीटाइम बोर्डाचा सर्व्हे. शिमग्यातही आमची बोट सुटत नाही. आमची सगळी पोरं ग्रामदेवता करंजेश्वरीच्या पालखीला खांदा द्यायला जातात आणि मीही जातो.

२०१९ मध्ये वडील गेले. पुढच्या वर्षी टाळेबंदी, जूनमध्ये निसर्ग वादळ. आणि २२ जुलै २०२१. चिपळूणच्या बाजारात पाणी पहिल्या मजल्याला लागलं होतं. जुनी बोट दोर तोडून खाजणात, काठच्या खाऱ्या दलदलीत, जाऊन उलटली. दुसरी हाताशी होती. भाऊ, मी आणि बोट हाकणारा आमचा तांडेल दिवसभर गल्ल्यांतून माणसं काढत होतो. ज्या रस्त्यांवरून शाळेत गेलो, तिथे बांबूने तळ चाचपत बोट चालवली. त्याबद्दल मला आजही फार बोलवत नाही. विम्याच्या कंपनीने जुन्या बोटीचा दावा नाकारला. दोन वर्षं पत्रं लिहून शेवटी आम्ही तो नाद सोडला. कामगारांपैकी एकही जण मात्र सोडून गेला नाही, आणि पगार निम्मा करतोय हे मी सांगायच्या आत त्यांनीच ते सुचवलं होतं.

पुरानंतर नदीतला गाळ काढला. ते गरजेचंच होतं, पण वरच्या भागातली पाण्याची वाट बदलली. वडिलांनी दाखवलेल्या खुणा काही ठिकाणी चालेनात. त्या हिवाळ्यात तांडेलकाका आणि माझी मुलगी रोज ओहोटीला लहान होडीतून खोली मोजत फिरले. तिने सगळी मापं वहीत उतरवली. पोफळीच्या वीजघरातून कोयनेचं पाणी वाशिष्ठीत सुटलं की पातळी किती वाढते, तेही त्यात आहे. आता नवीन मुलगा कामाला लागला की त्याला आधी ती वही वाचायला देतो.

सध्या घरात विषय आहे विजेवर चालणाऱ्या इंजिनाचा. भावाचं म्हणणं, वाड्यांमध्ये तासन्‌तास वीज नसते, चार्जिंग कुठे करणार? मला मात्र चालत्या बोटीतून, चिखलावर पडलेली मगर न हलता दिसायला हवी आहे. मुलीने दोन्ही बाजूंचा खर्च मांडून दिलाय. गणपतीनंतर बँकेत जाऊ.