कुझुची नोंद: पारदर्शकपणा कुठे हरवतो

कुझु ही एक जपानी वेल. तिच्या मुळाच्या स्टार्चपासून पारदर्शक मिठाया करतात, त्यांची ही नोंद. आधी पाकिटाबद्दल. ‘होन-कुझु’ म्हणजे निव्वळ कुझुच्या मुळाचं सत्त्व. नुसतं ‘योशिनो कुझु’ (योशिनो हा जपानमधला कुझुसाठी प्रसिद्ध भाग) लिहिलेलं असेल तर त्यात रताळ्याचा स्टार्च असू शकतो, म्हणून मागची घटकांची यादी वाचूनच घ्यावं. खालची सगळी प्रमाणं होन-कुझुची आहेत. ते ओबडधोबड खड्यांच्या रूपात मिळतं, त्यामुळे चमचा-वाटीने मोजण्यात अर्थ नाही, वजनच करायचं. खडे पाण्यात दहा मिनिटं भिजवून हाताने चुरडायचे आणि बारीक चाळणीतून गाळायचे. एखादा खडा राहिला तर शिजल्यावर तो पांढऱ्या ठिपक्यासारखा दिसतो, मग कितीही घोटा, जात नाही.

कुझुमोची, म्हणजे कुझुची मऊ वडी (कानसाई, म्हणजे क्योतो-ओसाकाकडची पद्धत). कुझु ६० ग्रॅम, पाणी ३०० मिली, साखर ३० ग्रॅम. मध्यम आचेवर लाकडी उलथन्याने सतत ढवळायचं. बराच वेळ काहीच होत नाही आणि मग तळाशी एकदम गोळा धरतो. त्या क्षणी भांडं उतरवून जोरात घोटायचं, सगळं एकसारखं झालं की पुन्हा मंद आचेवर ठेवायचं. इथे घाई नडते. मिश्रण घट्ट झालं म्हणजे शिजलं असं नाही. पांढुरकेपणा पूर्ण जाऊन उलथन्याची कड आरपार दिसेपर्यंत, साधारण आणखी पाच मिनिटं, घोटत राहायचं. अर्धवट शिजलेल्या कुझुला पिठूळ चव येते आणि वडी कापताना तुटते. ओल्या साच्यात ओतून आधी बाहेरच निवू द्यायचं, खाण्याआधी वीस मिनिटं बर्फाच्या पाण्यात ठेवायचं. वर किनाको (भाजलेल्या सोयाबीनचं पीठ) आणि कुरोमित्सु, म्हणजे काळ्या साखरेचा पाक.

तोक्योकडे मिळणारी कुझुमोची हा वेगळाच पदार्थ. ती आंबवलेल्या गव्हाच्या स्टार्चची असते, कुझु त्यात नसतंच. तोक्योतल्या कामेइदोचं १८०५पासूनचं फुनाबाशिया हे दुकान तो स्टार्च ४५० दिवस आंबवतं. तिची कृती इथे लावू नये.

फ्रिज. सगळ्यात जास्त बिघाड इथे होतात. शिजताना सुटलेल्या स्टार्चच्या साखळ्या थंडीत पुन्हा एकमेकींना चिकटतात आणि पाणी बाहेर ढकलतात. रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलेली वडी सकाळी दुधी आणि ठिसूळ होते. पुन्हा वाफवली तर पारदर्शक होते, पण आकार बिघडतो. साखर वाढवली की ही प्रक्रिया मंदावते. कुझुमांजूत (पुरण भरलेल्या कुझुच्या गोळ्यांत, कृती खाली) साखर जास्त घालतात त्याचा हा एक फायदा.

कुझुकिरी, म्हणजे कुझुच्या पातळ पत्र्याच्या पट्ट्या. कुझु १०० ग्रॅम, पाणी २०० मिली, साखर नाही. १५ सेंमीच्या चौकोनी, सपाट तळाच्या स्टीलच्या ट्रेमध्ये ५० मिली ओतायचं, थर दोन मिमीच्या आसपास येतो. दर वेळी ओतण्याआधी तळापासून ढवळायचं, कारण साका झटकन खाली बसतो आणि शेवटचे पत्रे जाड होतात. ट्रे उकळत्या पाण्यावर तरंगवायचा. पृष्ठभागावरचं ओलं चकाकणं जाऊन तो मंद झाला की चिमट्याने अख्खा ट्रे पाण्यात बुडवायचा. अर्ध्या मिनिटात पांढरा थर काचेसारखा होतो. लवकर बुडवला तर वरचं सत्त्व धुऊन जातं, पाणी दुधाळ होतं. ट्रे कलला तर एक बाजू जाड होऊन तिच्या मधोमध पांढरी रेघ राहते. बर्फाच्या पाण्यात निववून कड बोटाने सोडवायची, पत्रा ओल्या फळीवर पसरून सात-आठ मिमीच्या पट्ट्या कापायच्या. वीस मिनिटांत संपवायच्या. क्योतोच्या गिओनमध्ये कागिझेन योशिफुसा या जुन्या दुकानात कुझुकिरी मागणीनंतरच करतात, तो नखरा नाही.

कुझुमांजू. कुझु ५० ग्रॅम, पाणी २५० मिली, साखर ८० ग्रॅम, आणि कोशिआनचे (अझुकी या लाल कडधान्याच्या गाळलेल्या पुरणाचे) २० ग्रॅमचे दहा गोळे. मोदकाची उकड पूर्ण काढतात, इथे मात्र मुद्दाम अर्धीच काढायची: निम्मं पांढरं, निम्मं पारदर्शक दिसलं की उतरवायचं. पूर्ण शिजवलं तर गोळ्याभोवती गुंडाळता येत नाही, कमी शिजवलं तर वाफेत ओघळतं. ओल्या हाताने गुंडाळून मध्यम वाफेवर दहा मिनिटं. वाफ जोरात असेल तर आवरणात बुडबुडे येतात. पुरण सैल असेल तर रंग झिरपतो, म्हणून ते आधी कोरडं आटवून घ्यावं.

पर्याय. भारतात होन-कुझु सहज मिळत नाही. विदारीकंद (प्युरेरिया ट्यूबरोसा) कुझुच्याच प्रजातीतला, पण त्याची बाजारातली पूड सबंध कंदाची असते, धुऊन काढलेलं सत्त्व नव्हे. ती या कामाची नाही. योशिनोकडे हिवाळ्यात मुळं ठेचून गार पाण्यात पुनःपुन्हा ढवळतात, निवळ ओतून देतात, तेव्हा कुठे कडवटपणा आणि तपकिरी रंग जातो. त्यापेक्षा शुद्ध आरारूट बरं. पारदर्शक होतं, पण वडी मऊ आणि किंचित तार सुटणारी येते, त्यामुळे पाणी पाचपटीऐवजी चारपटीपासून सुरू करावं. कुझुकिरीसाठी मात्र नको, पत्रा सोडवतानाच फाटतो.